समोरून धरलेली पात

मागच्या महिन्यात विद्यापीठाच्या ग्रंथालयात मला ते पुस्तक पुन्हा दिसलं. नवी प्रत होती, अजून कुणी फारशी न उघडलेली. परक्या राजवटीतून सुटलेल्या देशांबद्दलचं पुस्तक आहे ते. तिथं विकास कसा झाला, कारभार कुणाच्या हाती गेला, माणसं स्वतःला काय म्हणवून घ्यायला लागली, अशा गोष्टी त्यात आहेत. मी ते हातात घेतलं आणि आधी ते एक पान शोधलं, जिथं आमच्या कॉलेजची प्रत मधोमध उकलली होती. शोधायला वेळ लागला. नव्या प्रतीत त्या पानाला काहीच झालेलं नाही. वाक्य या पानावरून त्या पानावर सरळ जातं.

आमच्याकडे ते तसं जात नव्हतं.

मी तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. सिरसाळ्याच्या पुढं आमचा फाटा, फाट्यापासून आत गाव. तालुक्याच्या कॉलेजला एस.टी.नं जायचं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. आप्पा चौथी शिकलेले, माय शाळेत गेलेलीच नाही. दिवाळी झाली की दोघं टोळीबरोबर ऊसतोडीला जायचे, घराला कुलूप लागायचं आणि मी तेलगावला मामाकडे राहायचे. उन्हाळ्यात परत सगळे एकत्र. मला आठवतं तेव्हापासून वर्ष असंच दोन तुकड्यांचं होतं, आणि सगळ्यांचं तसंच असतं असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

पहिल्या वर्षाला आमची तोंडी परीक्षा झाली होती. मला विचारलं, ग्रामपंचायतीची कामं सांगा. मला येत होती. रात्रीतून पाठ केलेली नव्हे, खरोखर येत होती. पण मी उभी राहिले आणि तोंडातून काही निघालंच नाही. पुस्तकातली भाषा आठवेना, आणि घरची भाषा तिथं बोलावी की नाही ते कळेना. परीक्षक भले होते. "बसा बाळ, घाबरू नका," म्हणाले. त्यांच्या त्या मायेनंच जास्त वाईट वाटलं. परतीच्या एस.टी.त मी सिरसाळा येईपर्यंत ग्रामपंचायतीची सगळी कामं मनात म्हणत आले. एकही चुकलं नाही.

दुसऱ्या वर्षी सरांनी सांगितलं की दिवाळीच्या सुट्टीआधी प्रत्येक जोडीनं एक पुस्तक वाचून वर्गापुढं मांडायचं. दोघांनीही बोलायचं. एकानं बोलायचं आणि दुसऱ्यानं फळा पुसायचा, असं चालणार नाही. एका गावच्या म्हणून माझी जोडी सरपंचांच्या मुलीशी लागली. एका गावच्या होतो, पण आमचं बोलणं नव्हतं. तिचं घर गावात शिरतानाच, आमचं पार पलीकडच्या वस्तीत. ती स्कुटीवर यायची, मी एस.टी.नं. माझी माय तिच्या रानात खुरपायला जायची, एवढाच काय तो संबंध.

त्या आठवड्यात मी मायसोबत कपाशीच्या खुरपणाला गेले होते. खाली बघूनच मी तिला सांगितलं, "माय, यंदा बी तोंड उघडलं न्हाई तर मी कॉलेज सोडते. तुमच्यासंगं तोडीला येते."

मला वाटलं ती चिडेल, नाहीतर समजूत काढेल. तिनं खुरपं थांबवलं नाही.

"बरं," म्हणाली. "मोळ्या बांधायला माणूस लागतंयच. मुकादमाला सांगून टरकात जागा धरते."

टोळीचा मुकादम दुसऱ्याच दिवशी घरी आला आणि आप्पांना विचारून गेला की पोरगी येणार का. म्हणजे तिनं खरंच सांगितलं होतं. त्या क्षणापासून मला दोन तारखा दिसायला लागल्या. आधी वर्गात बोलायची, मग टरक निघायची. पहिलीत जे होईल त्यावर दुसरी अवलंबून होती.

पुस्तकाची एकच प्रत होती. ग्रंथपालांनी ती कपाटातून काढली तेव्हा तिला सुतळी बांधलेली होती. सुतळी सोडली आणि पुस्तकाचे दोन भाग झाले. डिंक वाळून पाठ उकलली होती. "जपून," ते म्हणाले. "एकच हाय. आठ दिवसांत परत." मैत्रिणीनं (तेव्हा ती मैत्रीण नव्हती, पण आता दुसरं काय म्हणू) मोबाईलवर काही पानांचे फोटो काढून पाहिले. अक्षर बारीक आणि शिलाईकडची अक्षरं आत बुडालेली. तो नाद तिनं सोडला.

एस.टी. स्टँडवर आम्ही पुस्तक मांडीवर घेऊन बसलो. दोन तुकडे, दोघी. मला वाटतं त्या क्षणी आम्हा दोघींनाही ते अगदी सरळ दिसलं.

"पात वाटल्यावाणी वाटून घेऊ," मी म्हणाले.

खुरपताना प्रत्येक बाई आपल्या दोन-तीन ओळी धरते, तिला पात म्हणतात. आपली पात आपण संपवायची. ज्या घरात रान आहे आणि ज्या घरात खुरपं आहे, त्या दोन्ही घरांत हा शब्द माहीत असतो.

"तू कुठली घेतीस?" तिनं विचारलं.

"कारभार पयल्या भागात हाय. कारभार तुमच्याच घरात हाय, तर ते तू घे."

हे माझ्या तोंडातून कसं निघालं देव जाणे. ती माझ्याकडे बघतच राहिली, मग हसली.

"आन तू काय घेतीस? विकास?"

"उरंल ते."

"लई बोलतीस की गं तू! मग वर्गात काय होतं तुला?"

मी माझा तुकडा पिशवीत घातला.

माझा तुकडा एका वाक्याच्या मधूनच सुरू व्हायचा. सुरुवात तिच्याकडे, शेवट माझ्याकडे. पण तेवढ्यानं अडलं नसतं. वासाहतिक, अभिजन, अधिमान्यता असले शब्द पहिल्या भागात एकदा समजावून सांगितलेले होते, आणि माझ्या भागात ते घरच्या माणसांसारखे ये-जा करत होते. मी तीन दिवस वाचलं. प्रत्येक पान तीन तीनदा. कपाशीची पात अशी वाटता येते, कारण पलीकडची ओळ उमगल्याशिवाय आपली ओळ खुरपता येत नाही असं तिथं नसतं. पुस्तकाचं तसं नाही, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या दोन्ही घरांत पुस्तक वाटून घेण्याची वेळच कधी आली नव्हती.

चौथ्या दिवशी दुपारी जेवायला बसलो तेव्हा मायनं विचारलं, "कशाचं हाय गं ते?"

"जे देश दुसऱ्याच्या राज्यातून सुटले, त्यांचं."

"आपल्यावाणी?"

"व्हय. आपल्यावाणीच."

"मग सोपं असंल की."

मला हसावं का रडावं कळेना. ती पुढं म्हणाली, "आपण तर निजामात व्हतो. सगळ्यांच्या मागून एक वरीस सुटलो म्हणत्यात. त्यात लिवलंय का ते?"

"न्हाई."

"आपलं उशिराचं कुणी लिहीत न्हाई," म्हणून तिनं भाकरीचा तुकडा मोडला. मग माझ्या ताटाकडे न बघताच म्हणाली, "आन एकटीच कावून वाकलीस? पात अडली की आमी काय करतो?"

मला माहीत होतं. एखादीची पात मागं पडली, तिला बरं नसलं किंवा तिच्या ओळीत हराळी जास्त असली, तर जिची आधी होते ती धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसून राहत नाही. ती मागं पडलेलीची ओळ दुसऱ्या टोकाकडून धरते आणि खुरपत समोर येते. कुठंतरी मधे दोघींची खुरपी भेटतात. कुणी कुणाचे आभार मानत नाही. उठायचं, कंबर सरळ करायची, पुढची पात.

"ती कशाला येईल माय? सरपंचाची पोरगी हाय."

"बोलवून तर बघ. न्हाई आली तर टरक हायच."

संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. ओसरीवर प्लास्टिकच्या खुर्च्यांत चार माणसं कागद घेऊन बसली होती. तिचे वडील म्हणाले, "कुणाची गं तू?" मी आप्पांचं नाव सांगितलं. "हां, टोळीवाले," म्हणाले. "जा आत, हाय ती." वाईट बोलले नाहीत. ओळख सांगितली, त्यांनी ओळखलं, एवढंच.

तीही अडकली होती. तिचा तुकडा वाचून झाला होता. शब्दांचे अर्थ तिनं वहीत सुवाच्य लिहून काढले होते, पण ती म्हणाली, "ह्यात नुसतं इचारत्यात गं. राज्य बदललं पण खुर्ची बदलली का, आसं. उत्तर काय हाय ते तुझ्याकडं असंल म्हणून मी वाट बघत व्हते."

"मी तुझी वाट बघत व्हते."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही फाट्यावरच्या प्रवासी निवाऱ्यात बसायला लागलो. निवाऱ्याच्या तिन्ही भिंती पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या पोस्टरांनी झाकलेल्या. कॉलेजातून आलो की तिथंच थांबायचं. ती पहिल्या पानापासून पुढं सांगत यायची, मी शेवटच्या प्रकरणापासून मागं. एक म्हातारे बाबा रोज परळीकडच्या गाडीची वाट बघत असायचे. ते एकदा म्हणाले, "पोरींनो, परीक्षा हाय का विलेक्शन?"

"दोनी बी, बाबा," ती म्हणाली.

"मग आमाला काय मिळणार?"

"विकास."

"ते नगं बाई. गाडी टायमावर आली तरी लई झालं."

ते दिवस मला आता फार जवळचे वाटतात. तिचा अर्थ मिळाला की माझं वाक्य उलगडायचं. अभिजन म्हणजे काय, ते तिनं पोस्टरांकडे बोट दाखवून सांगितलं. मी म्हणाले, "ह्यात तुझे वडील बी हायत, तिसऱ्या रांगेत." ती म्हणाली, "तिसऱ्या रांगेतले न्हाई धरत त्यात," आणि आम्ही बराच वेळ हसत बसलो.

सातव्या दिवशी मी एक प्रकरण सांगत होते. त्यात दूरच्या एका देशातल्या माणसांबद्दल होतं, जी वर्षातले काही महिने मळ्यांवर कामाला जातात. सरकारच्या योजना त्यांच्या गावात येतात आणि त्यांना चुकतात, कारण यादी पत्त्यावर होते आणि माणूस त्या वेळी पत्त्यावर नसतो. मी सांगता सांगता थांबले. माझ्या लक्षात आलं की ह्या प्रकरणातला एकही शब्द मला अडला नव्हता.

"हे आमचंच हाय," मी म्हणाले. "नळ आला तवा आमी तोडीला गेलतो. उन्हाळ्यात परत आलो तर निम्म्या गावाला नळ. आमच्या गल्लीत पाइपच आला न्हाई. मायनं इचारलं तर सांगितलं, यादीत घर बंद लिवलंय."

एक टेम्पो थांबला, माणसं उतरली, गेला.

"ती यादी आमच्या ओसरीत झाली," ती म्हणाली. "मीच लिवली. अकरावीत व्हते. अक्षर चांगलं म्हणून बसवलं मला."

"कावून लिवलंस?"

"कुलूप व्हतं ना. वडील नावं सांगत व्हते, मी लिहीत व्हते. कुलूप हाय, बंद लिही, म्हणले. शुक्रवारी यादी पोचवायची व्हती." मग म्हणाली, "लिवताना मला वाटलं तुमी लोक गाव सोडून गेलात. परत येता हे माहीत हाय मला. पण लिवताना वाटलं न्हाई."

मला राग आला होता का? आला असावा. पण तिची वही माझ्या मांडीवर होती. त्या अक्षरात वासाहतिक आणि अधिमान्यता यांचे अर्थ लिहिलेले, आणि त्याच अक्षरात कधीतरी आमचं घर बंद झालं होतं. मी तेवढंच म्हणाले की अजून एक प्रकरण राहिलंय. आम्ही ते पूर्ण केलं. पुस्तक जिथं तुटलं होतं, त्याच पानावर येऊन आम्ही थांबलो. पण त्या संध्याकाळी आम्ही गावात वेगवेगळ्या गेलो.

आठव्या दिवशी वर्गात मांडायचं होतं आणि पुस्तकही परत द्यायचं होतं. तिचा तुकडाही माझ्याकडेच राहिला होता. सकाळी मायनं दोन्ही तुकडे हातात घेऊन पाहिले. "आसं मोडकं देणार का लोकाचं?" म्हणाली. तिनं दाभण काढलं, पोती शिवायचं, बारीक सुतळी ओवली आणि पाठीकडून पुस्तक शिवलं. पोत्याला घालतात तशीच तिरपी शिवण. मी ओरडेपर्यंत चार टाके झाले होते. "राहू दे," म्हणाली. "धान सांडत न्हाई ह्यातून. अक्षरं कशी सांडतील?"

वर्गात आधी तिची पाळी होती. तिनं पहिला भाग चांगला मांडला. जोराने, स्पष्ट, पुस्तकी मराठीत. मग मी उभी राहिले. मी पहिलं वाक्य घोकून आले होते. ते म्हणाले. दुसरं आलं नाही.

पंखा फिरत होता. मागच्या बाकावरून कुणीतरी खोकलं. मला टरकाचा फाळका दिसला, त्यावर चढताना हात देणारी माय दिसली, आणि खरं सांगायचं तर थोडं हलकंही वाटलं. संपलं एकदाचं.

तेवढ्यात ती आपल्या जागेवरूनच बोलली. पुस्तकी मराठीत नाही.

"नळ आला तवा तुमी कुठं व्हता?"

वर्ग हसला. मी तिच्याकडे पाहिलं. ती हसत नव्हती. तिनं माझं ते मळ्यांचं प्रकरण धरलं होतं. दुसऱ्या टोकाकडून.

"तोडीला गेलतो," मी म्हणाले.

"किती दिस?"

"दिवाळीपासून उन्हाळ्यापोत."

"मग यादीत काय लिवलं?"

"घर बंद."

"कुणी लिवलं?"

मी थांबले. हे वर्गात सांगावं की नाही, मला कळेना. ती उभी राहिली आणि म्हणाली, "सर, मी लिवलं. आमच्या ओसरीत." आता कुणी हसलं नाही. मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, "सांग की. त्या देशात बी आसंच झालतं का?"

आणि मी सांगत गेले. तो दूरचा देश, तिथले मळे, तिथल्या याद्या. मधे 'हाय' येत होतं, 'न्हाई' येत होतं, मधेच अधिमान्यताही येत होती. एका मुलानं माझ्या 'कावून'ची नक्कल केली, तरी मी थांबले नाही. कारण मला कळत होतं की मी कुठं निघाले आहे. त्या तुटलेल्या पानापाशी ती उभी होती. तिथं पोचले आणि बसले.

सर म्हणाले, "बरं. पुढची जोडी." एवढंच. मार्क किती पडले ते आज आठवत नाही.

ग्रंथपालांनी पुस्तक उलटंपालटं करून पाहिलं. "हे कुणी शिवलं?"

"मायनं."

"पोत्याची शिवण हाय ही."

"हो सर."

त्यांनी पुस्तक उघडलं, मिटलं, दोन्ही हातांनी ताणून बघितलं. "टिकंल," म्हणाले आणि कपाटात ठेवलं.

घरी आले तर माय अंगणात भांडी पोत्यात भरत होती. कोयते फडक्यात गुंडाळून भिंतीला उभे होते.

"बोललीस?"

"बोलले. पण सगळं माझं मी न्हाई. मधे अडले, मग तिनं समोरून धरलं."

"मग तसंच तर असतंय," ती म्हणाली. जणू मी काही विशेष सांगितलंच नव्हतं. "आता टरकातल्या जागंचं काय करायचं? मुकादम कटकट करंल. शेळी नेते तुझ्या जागी. दूध तरी होईल."

टरक निघायच्या सकाळी मैत्रीण आली होती. मायला काय म्हणावं ते तिला कळत नव्हतं, म्हणून ती भांड्यांचं पोतं उचलायला लागली. मायनं तिला उचलू दिलं. मग गळ्यातल्या काळ्या दोऱ्यातून घराची किल्ली काढली. ती किल्ली माय कधी कुणाकडे ठेवत नसे, सहा महिने उसाच्या फडातही गळ्यातच असायची. ती तिनं माझ्या हातावर ठेवली.

"आयतवारी तेलगावहून येत जा," म्हणाली. "दार उघडून बसत जा. दिसू दे गावाला."

त्या हिवाळ्यात मी जवळपास प्रत्येक रविवारी गेले. झाडून काढायचे, अंगणात पाणी मारायचे, आणि उंबऱ्यावर पुस्तक घेऊन बसायचे. कधी मैत्रीण यायची, कधी नाही. ती आली की आम्ही दुसरं कुठलंतरी पुस्तक दोन टोकांनी धरायचो. सवयच लागली. नळ आमच्या गल्लीत पुढं दीड वर्षानं आला. त्याचा आमच्या बोलण्याशी काही संबंध आहे असं मला वाटत नाही, आणि तसा दावा करायचा नाही. मैत्रीण आता बीडला शिकते. मी इथं विद्यापीठात. अजूनही वर्गात बोलताना माझं दुसरं वाक्य अडतं. तेव्हा मी एखाद्याकडे बघते, की हा विचारेल का काही.

नवी प्रत मी त्या दिवशी परत कपाटात ठेवली. चांगली आहे, पण मला ती थोडी एकटी वाटली.

त्या हिवाळ्यात रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला मायचा फोन यायचा, मुकादमाच्या मोबाईलवरून. मागं कोयत्यांचा आवाज, कुणीतरी बैलांना हाकारतंय. ती तब्येत विचारायची नाही, अभ्यास विचारायची नाही.

"दार उघडलंस का गं?"

"उघडलं, माय."

"बरं," म्हणायची, आणि फोन परत द्यायची.